नव्याण्णव टक्क्यांचा कारभार

दिवाळी अंकात भांडण घेऊन येऊ नये, असा एक संकेत आहे. सणासुदीचे दिवस, घरात चार पाहुणे जमलेले. अशा वेळी वाचकाच्या हाती गोष्ट द्यावी, कविता द्यावी, फार तर एखादा हलका चिमटा काढावा. हा संकेत मला मान्य आहे. तरीही आज मी तो मोडणार आहे, कारण माझे भांडण ज्या वस्तूविषयी आहे ती वस्तू नेमकी याच दिवसांत माळ्यावरून खाली येते. साफसफाईत एक प्लास्टिकची पिशवी सापडते. तीत दहा-वीस चकचकीत तबकड्या असतात. एकीवर ‘ताईचे लग्न, भाग दुसरा’ असे लिहिलेले असते, दुसरीवर ‘मुंज’, तिसरीवर ‘गॅदरिंग २००८’. ‘लावून बघू या,’ असे कोणीतरी म्हणते. मग असे आढळते, की ती लावायला घरात यंत्र नाही; शेजाऱ्याकडून यंत्र आणले तर तबकडी अर्ध्यावर अडखळते; आणि नवी करून घ्यावी म्हटले, तर ज्या सॉफ्टवेअरवर ती केली होती ते सॉफ्टवेअरच बाजारातून नाहीसे झालेले असते.

आपण उसासा टाकतो आणि ‘काळ बदलला’ असे म्हणून पिशवी पुन्हा माळ्यावर टाकतो. माझे म्हणणे असे आहे, की यात बिचाऱ्या काळाचा काडीचाही दोष नाही. व्हिडिओचे संपादन करण्याचे आणि त्याची डिस्क तयार करण्याचे सॉफ्टवेअर ज्यांनी केले, विकले आणि मग वाऱ्यावर सोडले, त्यांचा हा दोष आहे. त्यांच्यावर तीन आरोप ठेवण्यासाठी मी हा लेख लिहीत आहे.

मी तंत्रज्ञ नाही. दहावीपर्यंत शिकलेला शाळामास्तर आहे आणि कादंबऱ्या लिहितो. पण शाळेत जो मास्तर हौशी त्यानेच लष्कराच्या भाकऱ्या भाजायच्या, या न्यायाने गॅदरिंग, सहली, निरोपसमारंभ यांच्या चित्रफिती जुळवण्याचे काम वीस वर्षे माझ्याकडे आहे. तेव्हा ज्याचे चटके बसले आहेत त्याविषयीच बोलतो.

ज्यांना या कामाची माहिती नाही त्यांना ते थोडक्यात सांगितले पाहिजे. आपल्याकडचे शूटिंगवाले याला ‘मिक्सिंग’ म्हणतात. कॅमेऱ्यातली चित्रे आधी संगणकात उतरवून घ्यायची. त्यांतला नको तो भाग कापायचा, हवा तो पुढेमागे लावायचा, आवाज सारखा करायचा, नावे घालायची. हे झाले संपादन. मग ते डीव्हीडीच्या साच्यात बसवायचे. मिनी-डीव्ही नावाची जी लहान कॅसेट असे, तिचे एका तासाचे चित्रण संगणकात सुमारे १३ जीबी जागा खाते. साध्या डीव्हीडीच्या पोटात मावतात ४.७ जीबी. म्हणून चित्रे दाबून लहान करावी लागतात. त्यानंतर प्रकरणे पाडायची, पडद्यावर सुरुवातीला दिसणारी यादी, म्हणजे मेनू, रचायची, तिच्यातले एकेक बटण एकेका प्रकरणाला जोडायचे, आणि शेवटी ते सगळे लेसरच्या किरणाने तबकडीवर उमटवायचे. यात दैवी बुद्धीचे काम कोठेही नाही. चिकाटी मात्र लागते. तीन तासांच्या गॅदरिंगचे दीड तास करायचे, आणि तेही गावातल्या एकाही पालकाचे पोर कापले न जाता, याला चार-पाच रात्री सहज जातात.

आता पहिला आरोप. जे आधी सांगायला पाहिजे ते हे सॉफ्टवेअर सगळ्यांत शेवटी सांगते.

रात्री अकरा वाजता आपण ‘डिस्क तयार करा’ या अर्थाचे बटण दाबतो. पडद्यावर एक पट्टी सरकू लागते. दहा टक्के, वीस टक्के, चाळीस टक्के. आपण झोपून उठतो. पहाटे ती पट्टी नव्याण्णव टक्क्यांवर येऊन उभी असते आणि तिच्यावर एक चौकट लोंबकळत असते. चौकटीत एक आकडा आणि इंग्रजीत एक वाक्य, ज्याचा अर्थ ‘काहीतरी बिघडले’ यापलीकडे लागत नाही. खाली एकच बटण, ‘ओके’. म्हणजे आपला घात झाला, त्यावर आपणच मान्यतेचा शिक्का उठवायचा! तो उठवला की चौकट जाते, पट्टी जाते, आणि रात्रही गेलेली असते.

कोणी म्हणेल, यंत्र आहे, बिघडायचेच. यंत्राच्या बिघाडाबद्दल माझी तक्रार नाही. मी म्हणतो ते असे, की यांतले बहुतेक अडथळे काम सुरू करण्यापूर्वीच सॉफ्टवेअरला कळण्याजोगे असतात. डीव्हीडी प्रथम जपानात १९९६ साली बाजारात आली. तिचे नियम तेव्हापासून ठरलेले आहेत. आपल्याकडच्या पाल पद्धतीत चित्र ७२० ठिपके रुंद आणि ५७६ ठिपके उंच, सेकंदाला २५ चित्रे. चित्रांचा ओघ सेकंदाला ९.८ मेगाबिटांच्या वर न्यायचा नाही. एका तबकडीवर जास्तीत जास्त ९९ शीर्षके, एका शीर्षकात ९९ प्रकरणे. चौकोनी पडद्याच्या मेनूवर ३६ पेक्षा अधिक बटणे नाहीत. हे नियम एकदा छापले ते छापले. मग मी सदतिसावे बटण ठेवतो तेव्हाच हे शहाणे सॉफ्टवेअर मला का अडवत नाही? दोन तासांचा मजकूर एका तबकडीत बसवायचा तर ओघ सेकंदाला पाच मेगाबिटांच्या आसपास ठेवावा लागेल, हा तर साध्या भागाकाराचा प्रश्न आहे. आमचा सातवीचा मुलगा तो पाटीवर सोडवील. शिंपीसुद्धा कापड आधी मोजतो आणि ‘यात पूर्ण बाह्यांचा सदरा होणार नाही’ हे कात्री लावण्यापूर्वी सांगतो. सदरा शिवून झाल्यावर, शेवटची गुंडी लावताना ‘कापड कमी पडले’ म्हणणाऱ्या शिंप्याच्या दुकानात दुसऱ्यांदा कोण पाऊल टाकील?

त्यात मापाचा घोळ आहे तो वेगळाच. तबकडीच्या वेष्टनावर ४.७ जीबी असे छापलेले असते. तीच तबकडी विंडोजच्या संगणकात घातली की तो तिची जागा जेमतेम ४.४ जीबी दाखवतो. कारण असे, की वेष्टन छापणारा एका जीबीचे बरोबर शंभर कोटी बाइट धरतो, आणि संगणक त्याच जीबीचे १०७ कोटींहून अधिक बाइट धरतो. दोघांचा शेर वेगळा, आणि नाव एकच! किराणा दुकानात हा प्रकार झाला असता तर वजनमापवाल्यांनी दुकानदाराला नोटीस धाडली असती.

त्या चुकीच्या आकड्याविषयीही एक शिक्षक म्हणून मला बोलले पाहिजे. विद्यार्थ्याची वही तपासताना मी नुसते ‘चूक क्रमांक ४०७’ असे लिहून ती परत केली, तर पालक दुसऱ्या दिवशी शाळेत येतील आणि त्यांचे येणे रास्त ठरेल. चूक कोठे झाली, काय झाली आणि ती कशी सुधारावी हे सांगणे, यालाच तपासणे म्हणतात. ज्याला एवढे सांगता येत नाही, त्याने दुसऱ्याच्या कामाला नापास करण्याचा अधिकार घेऊ नये.

दुसरा आरोप आपल्या भाषेचा आहे, आणि तो मराठी वाचकांपुढे सविस्तर मांडण्याची गरज नाही. ज्याने कधी मेनूवर मराठीत नावे घातली आहेत त्याला तो ठाऊक आहे. ‘विद्यार्थी’ असे लिहावे, तर पहिली वेलांटी ‘व’ला सोडून पुढे जाऊन बसते, जोडाक्षराचे तुकडे होऊन त्याखाली पाय मोडल्याच्या खुणा उघड्या पडतात, आणि रफार कोठेतरी अधांतरी लटकतो. याचे कारण गूढ नाही. आपल्या लिपीत अक्षरे नुसती एकापुढे एक मांडून चालत नाही; ती एकमेकांत गुंफावी लागतात. ‘वि’मधली वेलांटी आपण उच्चारतो नंतर, पण काढतो आधी. ही गुंफण करणारा भाग सॉफ्टवेअरमध्ये असावा लागतो. कित्येक सॉफ्टवेअरमध्ये वर्षानुवर्षे तो बसवलेलाच नव्हता, आणि जेथे आता बसवला आहे तेथे तो आवडीनिवडीच्या कोठल्यातरी पोटयादीत दडवून ठेवलेला असतो. ती खूण केली नाही तर ‘विद्यार्थी’ पुन्हा लंगडा.

देवनागरीला युनिकोडच्या पहिल्याच आवृत्तीत, १९९१ साली, जागा मिळाली. म्हणजे निमित्त सांगायला कोणालाही जागा उरलेली नाही. तोवर मिक्सिंगवाल्यांनी आपली वाट काढली. जुन्या धाटणीचे जे फॉन्ट होते, त्यांत इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी आकार बसवून ते नावे टाइप करीत. पडद्यावर दिसे मराठी, आत असे इंग्रजी अक्षरांची खिचडी. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर तेच काम उघडले की ‘शुभविवाह’च्या जागी अगम्य चिन्हांची रांगोळी दिसते. मी शाळेत ऱ्हस्वदीर्घासाठी अर्धा गुण कापतो. या कंपन्यांनी एका लिपीचा कणा मोडला, आणि त्यांचा कोणी एक पैही कापला नाही.

आता तिसरा आरोप, आणि खरे घोडे येथेच पेंड खाते. पहिले दोन दोष आळसाचे आहेत. हा तिसरा विश्वासघाताचा आहे.

संपादन करताना आपण जे काम करतो ते ‘प्रोजेक्ट’ नावाच्या फायलीत साठवले जाते. घरच्या मंडळींना वाटते, या फायलीत आपला व्हिडिओ आहे. तसे नसते. तिच्यात चित्रे नसतात. चित्रे कोठे ठेवली आहेत त्यांचे पत्ते असतात, आणि कोणता तुकडा कोठे कापायचा, कशानंतर काय लावायचे, कोणते गाणे कोठे हळू करायचे, याची टिपणे असतात. म्हणजे आपण ज्या पाच रात्री जागलो त्या नेमक्या या फायलीत असतात. आणि ही टिपणे प्रत्येक कंपनी आपल्या खाजगी मोडीत लिहिते. ती मोडी वाचणारा एकच कारकून, तो म्हणजे तेच सॉफ्टवेअर. तो कारकून कंपनीने कामावरून काढला की दप्तर तेथेच कुजते.

आणि काढले किती सहज! अ‍ॅपल कंपनीचे आयमूव्ही हे घरगुती सॉफ्टवेअर लोकांच्या हातात चांगले बसले होते. २००७ सालच्या ऑगस्टमध्ये कंपनीने त्याच नावाने संपूर्ण निराळे सॉफ्टवेअर बाजारात आणले. कामाची सरळ रेषेत मांडणी करण्याची जुनी सोय गेली, डीव्हीडीसाठी प्रकरणांच्या खुणा करण्याची सोयही गेली. लोकांनी एवढा गलका केला, की नवे विकत घेणाऱ्यांना जुनेच फुकट उतरवून घेऊ देण्याची पाळी कंपनीवर आली. यावरून कोणी धडा घेतला म्हणाल, तर २०११ सालच्या जूनमध्ये त्याच कंपनीने धंदेवाईक संपादकांच्या फायनल कटची तीच गत केली. नवे फायनल कट जुन्या फायनल कटचे प्रोजेक्ट उघडीना! हजारो संपादकांनी निषेधाच्या अर्जावर सह्या केल्या. अमेरिकेतल्या कोनन ओब्रायनच्या कार्यक्रमात तेथल्या संपादकांनी त्याची जाहीर टर उडवली. पुढे जुने प्रोजेक्ट नव्यात नेण्याचे साधन निघाले ते दुसऱ्याच एका लहान कंपनीकडून. थोरल्या घरची उष्टी धाकट्याने काढावी, तसे.

डिस्क करण्याच्या साधनांची कथा तर याहून संक्षिप्त आहे. अ‍ॅपलचे आयडीव्हीडी २००१ साली वाजतगाजत आले; २०११ पासून नव्या संगणकाबरोबर ते देणे बंद झाले. मायक्रोसॉफ्टचे डीव्हीडी मेकर २००७ साली विंडोज व्हिस्टाबरोबर आले. २०१२ सालच्या विंडोज ८ मधून ते वगळले. विंडोज ८ मध्ये तर डीव्हीडी लावून बघण्याची सोयही मूळ किमतीत ठेवली नाही. परवान्याचा खर्च परवडत नाही, असे कारण सांगितले. अडोबीच्या एन्कोरची शेवटची आवृत्ती २०१२ ची. २०१३ साली कंपनीने नवा संसार मांडला त्यात एन्कोरला जागाच नव्हती. मायक्रोसॉफ्टचे मूव्ही मेकर २००० साली आले आणि १० जानेवारी २०१७ रोजी मागे घेण्यात आले. घरातल्या पिशवीतल्या तबकड्या ज्या ज्या साधनांवर झाल्या, त्यांची ही मृत्युनोंद आहे. एकही साधन झिजून मेलेले नाही. सगळी धडधाकट असताना घालवली.

२०१३ सालचा तो नवा संसार म्हणजे भाडेपद्धती. सॉफ्टवेअर विकत मिळणार नाही; महिन्याचे भाडे भरा आणि वापरा. भाडे थकले की साधन बंद, आणि साधन बंद की आपण केलेले काम आपल्यालाच दिसेनासे. घरमालकाने भाडेकरूला बाहेर काढावे हे समजू शकते. पण त्याने भाडेकरूची पोरेबाळे आत ठेवून घ्यावीत, हा कोठला न्याय? याच कंपनीने २०१९ सालच्या मे महिन्यात भाडे भरणाऱ्या गिऱ्हाइकांना असेही कळवले, की अमुक जुन्या आवृत्त्या वापरण्याचा हक्क तुम्हाला राहिलेला नाही, आणि त्या वापरत राहिलात तर तिसराच कोणी तुमच्यावर हक्कभंगाचा दावा आणू शकेल. पैसे भरणाऱ्याला धमकी! सावकारी अजून वेगळी काय असते?

हा नुसत्या कागदावरचा संताप नाही. सांगली जिल्ह्यातल्या आमच्या शाळेचे जुने मुख्याध्यापक २००९ साली निवृत्त झाले. त्यांच्या निरोपसमारंभाचे चित्रण आम्ही केले होते. शेवटी दहा मिनिटांचा एक भाग होता. सरांनी स्वतः मिक्सिंगवाल्याच्या दुकानात दोन दिवस बसून आपल्या बत्तीस वर्षांच्या नोकरीतली छायाचित्रे निवडली होती, त्यांचा क्रम लावला होता आणि प्रत्येकाखाली एकेक ओळ घातली होती. त्यामागे मुलींचे गाणे होते. एक तबकडी त्यांच्या घरी गेली, एक शाळेच्या कपाटात.

गेल्या वर्षी सर गेले. महिन्याभराने काकूंनी निरोप धाडला, ‘ह्यांचा आवाज तेवढा ऐकवाल का, मास्तर? आणि ते शेवटचे फोटो.’ घरची तबकडी सातव्या मिनिटाला अडली. शाळेची तबकडी यंत्राने ओळखलीच नाही. घरी भरलेल्या तबकडीवर खुणा कोरलेल्या नसतात. त्या रंगाच्या पातळ थरात भाजलेल्या असतात, आणि उन्हाने, उष्णतेने तो थर विटतो. मिक्सिंगवाला मात्र माणूस म्हणून सोन्यासारखा. त्याने तो हार्डडिस्क जपून ठेवला होता. त्यात प्रोजेक्ट होते, मूळ चित्रण होते, एका जागी सगळी छायाचित्रे होती. सॉफ्टवेअरची मूळ डिस्क होती, तिचा पावतीवरचा क्रमांक होता, आणि ती चालेल असा जुना संगणकही त्याने पोटमाळ्यावरून काढला. सॉफ्टवेअर बसले. बसल्यावर त्याने कंपनीच्या दारी परवानगी मागितली. त्या जुन्या आवृत्तीला परवानगी देणारी खिडकी कंपनीने कधीच बंद केली होती. कंपनीचे नवे सॉफ्टवेअर आणून पाहिले, तर ते म्हणे, ही फाईल आमच्या ओळखीची नाही. आपल्याच घरची मोडी, आणि ओळखीची नाही!

मूळ चित्रण मात्र उघडले. ते डीव्हीच्या सर्वमान्य साच्यात होते, आणि फुकट मिळणाऱ्या व्हीएलसी या साधनाने ते विनातक्रार दाखवले. तेवीस तुकड्यांतून आम्ही सरांचे भाषण शोधून काकूंना ऐकवले. त्यांनी ते डोळे मिटून ऐकले. मग त्यांनी फोटोंचे विचारले. फोटो होते, गाणे होते. पण कोणता फोटो आधी, कोणता नंतर, आणि कोणाखाली सरांनी काय लिहिले होते, हे फक्त त्या न उघडणाऱ्या फायलीत होते. आम्ही अंदाजाने लावून दाखवले. काकू म्हणाल्या, ‘छान आहे हो. पण ह्यांनी लावलं होतं ते असं नव्हतं.’

यावर मला जे उत्तर नेहमी मिळते ते ठाऊक आहे. ‘मास्तर, आता डिस्क वापरतो कोण? जमाना मोबाइलचा आहे.’ कबूल. सोनी कंपनीने २०२५ सालच्या फेब्रुवारीत कोऱ्या ब्लू-रे तबकड्या आणि मिनी-डीव्ही कॅसेट यांचे उत्पादनही थांबवले. तबकडीच्या प्रेमाने मी हे लिहीत नाही. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. नीट जपलेली २००१ सालची डीव्हीडी आजही यंत्रात घातली की चालते, कारण तिचा साचा पुष्कळ कंपन्यांनी एकत्र बसून ठरवला आणि तो कोणा एकाला मोडता येत नाही. न चालणारी वस्तू आहे ती त्याच साली केलेले प्रोजेक्ट, कारण त्याचा साचा एकाच घरात ठरला होता. म्हणजे म्हातारी ती तबकडी नव्हे. आणि आज जे मोबाइलवरच्या सॉफ्टवेअरमध्ये आपल्या नातवाच्या बारशाचा व्हिडिओ जुळवीत आहेत, त्यांनी हसू नये. त्यांचेही काम कोणाच्या तरी खाजगी मोडीतच लिहिले जात आहे.

दुसरे उत्तर असे, की हे सगळे सांभाळत बसणे कंपनीला परवडत नाही. याला जबाब द्यायला ते फुकटवालेच पुरे आहेत. व्हीएलसी हे पॅरिसच्या एका महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी सुरू केले आणि २००१ पासून ते सर्वांना खुले आहे. एफएफएमपेग हे चित्रफितींचे साचे वाचण्याचे आणि बदलण्याचे साधन २००० साली एका फ्रेंच तंत्रज्ञाने, फाब्रिस बेलार यांनी, सुरू केले. पुढे अनेकांनी ते वाढवले. कोणीही केव्हाच टाकून दिलेले साचे ते आजही वाचते. संपादनासाठी केडेनलाइव्ह, डिस्क करण्यासाठी डीव्हीडीस्टायलर, अशी साधने याच मार्गाने झाली. तीही मधूनच कोसळतात, त्यांच्या सूचनाही बहुधा इंग्रजीतच असतात; त्यांची आरती मी ओवाळीत नाही. पण त्यांनी आपली मोडी सर्वांसमोर उघडी ठेवली आहे. साधन बंद पडले तरी दुसरा कोणी त्यांचे दप्तर वाचू शकेल. जे पदरमोड करणाऱ्यांना जमते ते अब्जाधीशांना परवडत नाही, यावर विश्वास कोणी ठेवावा?

तिसरे उत्तर सगळ्यांत उर्मट आहे. ‘घरगुती व्हिडिओ तर आहेत! त्यात एवढे काय?’ पुस्तकांत राजांच्या लढाया असतात. सामान्य माणसाचा आवाज, त्याची चाल, त्याने पोराच्या डोक्यावर ठेवलेला हात हे असते ते या घरगुती व्हिडिओंतच. आमच्या गावात कोणाच्या पणजोबाचे साधे छायाचित्रही सापडत नाही. गावाच्या इतिहासात पहिल्यांदाच एका पिढीला आपल्या आजीचे बोलणे जपता आले, आणि नेमके तेच ज्यांच्या हाती दिले त्यांनी ते नव्या आवृत्तीच्या नफ्यापायी कचऱ्यात घातले.

तेव्हा मागणी काय, ती स्पष्ट सांगतो. तबकडीत मावणार नाही, मेनूत बसणार नाही, हे सॉफ्टवेअरने काम सुरू करतानाच सांगावे, आणि चूक सांगायची तर माणसाला कळेल अशा शब्दांत सांगावी. देवनागरी पहिल्या दिवसापासून नीट उमटावी, खुणा शोधायला लावू नये. आणि जी कंपनी आपले साधन बंद करील, तिने त्याच दिवशी प्रोजेक्टची मोडी सर्वांसाठी खुली करावी आणि परवानगीचे कुलूप काढून टाकावे. ही तिसरी गोष्ट भलमनसाईवर सोपवू नये. ती कायद्याने बंधनकारक व्हावी. दुकान बंद करणारा रंगारी गिऱ्हाइकांची लुगडी परत देऊनच बंद करतो.

कायदा होईपर्यंत घरोघरच्या मंडळींनी आपली काळजी आपण घ्यावी. मिक्सिंगवाल्याकडून नुसती डिस्क किंवा पेनड्राइव्ह घेऊन समाधान मानू नका. तयार झालेला पूर्ण व्हिडिओ साध्या, सर्वत्र चालणाऱ्या फायलीत मागा. मूळ चित्रणही मागा. आणि दोन्ही दोन निराळ्या ठिकाणी ठेवा. प्रोजेक्ट हे सॉफ्टवेअर चालू आहे तोवरचेच कच्चे टिपण समजा. घरातल्या जुन्या तबकड्या या दिवाळीत बाहेर निघतील तेव्हा पुन्हा माळ्यावर टाकू नका. ज्याच्याकडे चालणारे यंत्र आहे त्याला गाठा आणि त्या आत्ताच संगणकात उतरवून घ्या. फोटोंचा क्रम, माणसांची नावे, कोण कोणाच्या शेजारी उभे आहे, हे एका वहीत शाईने लिहून ठेवा. वही उघडायला कोणाची परवानगी लागत नाही.

पाटी शाळेची असेल, पेन्सिल शाळेची असेल. पण तिच्यावर मुलाने काढलेले अक्षर मुलाचेच असते. एवढे आम्ही पहिलीच्या वर्गात शिकवतो. ज्या कंपन्यांना ते अजून शिकायचे आहे त्यांनी केव्हाही यावे. शाळा अकरा वाजता भरते.